गोचिडीच्या औषधात रॉकेल नको

प्रश्न (तबेलाधारक, आरे वसाहत, गोरेगाव): म्हशींवर डेल्टामेथ्रिन मारतो, तरी आठ-दहा दिवसांत गोचिडी पुन्हा दिसतात. औषध नीट लागावं म्हणून थोडं रॉकेल मिसळलं तर चालेल का? फवारणाऱ्या गड्याच्या तोंडाला मुंग्या येतात, त्याचं काय?

उत्तर: रॉकेल अजिबात नको. गोचिडीच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. डेल्टामेथ्रिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मेणात-तेलात विरघळतं; त्यामुळे ते या थरातून आपसूक आत शिरतं आणि मज्जातंतू निकामी करतं. म्हशीच्या कातडीवर मृत पेशी आणि त्यांच्यामधला स्निग्ध भाग असा जाड पापुद्रा असतो. तो बरंचसं औषध अडवतो, जे थोडं आत जातं त्याचे यकृत तुकडे करून ते निकामी करतं. रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑईल नेमका तो स्निग्ध भाग विरघळवतं. मग औषध रक्तात जास्त जातं, दुधाच्या फॅटमध्ये उतरतं, कातडी सोलवटते ती वेगळीच. जखमेवर आणि कासेवरही फवारू नका.

गोचिडी परत येतात त्याचं कारण बहुधा तबेल्यातच असतं. शेणाने माखलेल्या अंगावर मारलेलं औषध शेणालाच चिकटतं. आधी म्हैस धुवा, पूर्ण सुकू द्या. 1.25 टक्के औषध असेल तर 1 लिटर पाण्यात 2 मिली. मोठ्या म्हशीला 2-3 लिटर द्रावण लागतं. धार काढून झाल्यावर, केसांच्या उलट दिशेने फवारा. कानामागे, शेपटीखाली, मांड्यांच्या आत हमखास राहून जातं. त्या दिवशी पुन्हा पाणी मारू नका. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून भेगाही फवारा (गव्हाण आणि पाण्याचा हौद वगळून) आणि 14 दिवसांनी सगळं पुन्हा करा. एवढं करूनही गोचिडी जिवंत राहिल्या तर मात्रा वाढवू नका. पशुवैद्यकाला विचारून औषधाचा गट बदला.

मुंग्या या औषधाच्याच. बहुधा दिवसभरात उतरतात, घामाने वाढतात. साबण आणि गार पाण्याने धुवा. गड्याला रबरी हातमोजे द्या, विशेषतः बाटलीतलं दाट औषध मोजताना. पॅन्ट भिजली तर लगेच बदलायला लावा: जांघेतली, अंडकोशाची कातडी हातापेक्षा कितीतरी जास्त औषध शोषते. फवारलेलं औषध सुकेपर्यंत तबेल्यातलं मांजर लांब ठेवा, त्याचं यकृत ही औषधं नीट मोडू शकत नाही. उरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका. तिथलं पाणी मिठी नदीला जातं आणि माशांच्या कल्ल्यांतून हे औषध फार झपाट्याने आत शिरतं.