आधी जॅकवेलवर जाऊन या

प्रश्न : आमच्या गावाची लोकसंख्या ३० हजार. मी पहिल्यांदाच नगरसेविका झाले आहे. राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानाच्या बैठकीत नगरपरिषदेने स्वतःचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं ठरवलं. कार्यालयाच्या छतावर २० किलोवॉटचं सोलर आणि वृक्षलागवड, एवढंच सध्या यादीत आहे. हे पुरेल का?

उत्तर : ताई, सोलर जरूर बसवा. पण ठरावाला हात वर करण्याआधी एकदा जॅकवेलवर, म्हणजे गावासाठी पाणी उचलणारे पंप असतात त्या विहिरीवर, जाऊन या. मी ३१ वर्षं नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात काढली. बहुतेक गावांत नगरपरिषदेचं सगळ्यात मोठं वीजबिल तिथलंच असतं, आणि तिथे सभासद फिरकतात ते फक्त पाणी बंद पडल्यावर.

हिशेब करून पाहा. माणशी रोज १३५ लिटर धरले तर ४० लाख लिटर पाणी उचलायचं. चढ आणि पाइपातलं घर्षण मिळून हेड, म्हणजे पंपाला पाणी जणू जितकं उंच ढकलावं लागतं ती उंची, ९० मीटर समजू. एवढ्या कामाला मुळात रोज ९८० युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के असेल तर १,५०० युनिट जळतील. पंप झिजून ती ४० टक्क्यांवर आली असेल तर २,४५०. फरक रोजचा साडेनऊशे युनिट. तुमचं छतावरचं सोलर दिवसाला साधारण ८० युनिट देईल. ग्रिडच्या विजेला युनिटमागे ढोबळ ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे एका झिजलेल्या पंपापायी रोज साडेसहाशे किलोहून जास्त वायू हवेत जातो. दहा घंटागाड्या रोज प्रत्येकी ८ लिटर डिझेल जाळत असतील, तर त्यांचं सगळ्यांचं मिळून सव्वादोनशेच्या आत भरतं.

मी नोकरीला लागलो तिथे ‘पुढची पन्नास वर्षं’ डोळ्यापुढे ठेवून १२० मीटर हेडचा पंप घेतला होता. गरज नव्वदची. पंपाच्या तोंडावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मोटरवर लोड येऊन ती ट्रिप व्हायची, म्हणजे आपोआप बंद पडायची, म्हणून ऑपरेटर तो अर्धा आवळून ठेवायचा. मी आलो तेव्हा अशी अकरा वर्षं गेली होती, आणि पुढची चार मीही तसाच चालवला, कारण पाणी वेळेवर येत होतं आणि तक्रार नव्हती. म्हणजे चौथा हिस्सा वीज आम्ही त्या आवळलेल्या व्हॉल्व्हमध्ये घालवत होतो. शेवटी इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, लेथवर छाटून आणला. खर्च नव्या पंपाच्या मानाने किरकोळ, आणि व्हॉल्व्ह पुरता उघडला. त्या चार वर्षांची हळहळ मला अजून वाटते. म्हणून तुम्हाला सांगतो, गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : डिलिव्हरी व्हॉल्व्ह किती आटे उघडा आहे?

दुसरं, फ्लो मीटर चालू आहे का ते बघा. तो बंद असेल तर किती पाणी उचललं हे कोणालाच ठाऊक नसतं. चालू असेल तर महिन्याचे युनिट भागिले उचललेलं पाणी, हा एकच आकडा दर महिन्याला सभेपुढे मागा. वरच्या उदाहरणात हजार लिटरला ०.३८ युनिट म्हणजे ठीक, ०.६१ म्हणजे पंप आजारी. आणि गळती! रायझिंग मेनवर (पंपापासून टाकीपर्यंतच्या पाइपलाइनवर), टाकीच्या ओव्हरफ्लोला जे पाणी वाहून जातं, ते आधी नव्वद मीटर चढवलेलं असतं.

कोणी म्हणेल, कपॅसिटर बसवा, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामाची किती, ते प्रमाण) सुधारेल. बसवा, बिलात वाचेल. कार्बनमध्ये मात्र नाममात्र फरक पडेल.

नवा पंप घ्यावाच लागला तर निविदेकडे बारीक लक्ष द्या. सगळ्यात स्वस्त पंप घेतला जातो, आणि रोज सोळा तास चालणारा पंप वर्षभरात स्वतःच्या किमतीहून जास्त रुपयांची वीज खातो. कार्यक्षमतेची अट घाला, आणि जागेवर चाचणी झाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.

पथदिवे बहुधा एलईडी झालेच असतील. सकाळी नऊपर्यंत जळत राहतात का, तेवढं पाहा. टायमर महाग नसतो.

कचरा डेपोचा मुद्दा मात्र मोठा आहे. ढिगात दबलेला ओला कचरा हवेअभावी कुजून मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून जास्त तापवतो. वेंगुर्ल्याला एकदा सभासदांची सहल काढा. छोटी नगरपरिषद आहे, पण घरातूनच कचरा वेगळा घेऊन तिने ओल्याचं खत आणि बायोगॅस केला, डेपोच्या जागी लोक फिरायला येतात. तुमच्याकडे घंटागाडीत दोन कप्पे असतील आणि डेपोवर दोन्ही एकत्र रिकामे होत असतील, तर तिथून सुरुवात करा.

झाडं लावा, सावलीसाठी लावा. त्याने नगरपरिषदेचं एक युनिटही कमी होत नाही.

जाताना मागच्या बारा महिन्यांची बिलं सोबत घ्या आणि ऑपरेटरशी निवांत बोला. पंपाचं दुखणं त्याला आवाजावरून कळतं, पण त्याला कोणी विचारत नाही. पंप आणि मोटर, दोन्हींच्या नेमप्लेटचे फोटो मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवलेत तर पुढचा हिशेब मी करून देईन.