कोल्हापूर एवढं हिरवंगार, तरी प्रदूषित शहरांच्या यादीत कसं? सरकारनं हवेसाठी आजवर केलं तरी काय?

प्रश्नाच्या खाली तुम्ही 'आकडे खोटेच टाकत असतील' असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे टाईप करतोय. ते आकडे काढणाऱ्यांत दोन वर्षं मी होतो.

एम.एस्सी. झाल्यावर कॉन्ट्रॅक्टवर लागलो. कुणाकडं ते सांगत नाही. काम एकच, गच्चीवरच्या सॅम्पलरचा, म्हणजे हवा ओढून धूळ धरणाऱ्या मशीनचा, फिल्टर पेपर बदलायचा. आठवड्यातनं दोन दिवस, चोवीस तास, दर आठ तासांनी एक पेपर. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. पेपर आधी डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून वजन करायचं, चिमट्यानं मशीनवर लावायचा, काढला की परत वजन, जेवढं वाढलं तेवढी धूळ. बोट लागलं की घोटाळा. लाईट गेली की मशीन बंद, मग टायमर बघून हिशेब. पावसाळ्यात पेपर एवढा पांढरा निघायचा की मशीन चाललंय का नाही शंका यायची, आणि जानेवारीत कारखाने जोरात, शिवारात पाचटं पेटलेली, तेव्हा काळपट राखाडी. रंग बघून आज काय जळलंय ते मी सांगायचो. (हे शास्त्र नव्हे, सवय.)

२०१२ च्या डिसेंबरात बिल्डिंगसमोरचा रस्ता खोदला. पाईप टाकले, मुरूम लोटला आणि डांबर आज येतंय उद्या येतंय. त्या आठवड्यात पेपर काढला तर अक्षरशः मुरमाच्या रंगाचा, चोवीस तासांची, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा कुठल्या कुठं मागं पडलेली. मी रजिस्टरला आकडा लिहिला. साहेबांनी पेन्सिलीनं त्यावर काट मारली आणि शेरा टाकला, 'खुदाईमुळे रीडिंग बाद'.

मी म्हटलं, सर, मशीन बरोबर चाललंय, बाद कशाला?

"अरे बाबा, ही धूळ हाय, प्रदूषण न्हवं. प्रदूषण चिमणीतनं येतंय."

माझं डोकंच फिरलं. खाली फुटपाथला मेथी-कोथिंबीर विकणारी मावशी बसायची, ओलं बारदान भाजीवर आणि पदर नाकावर. मी साहेबांना म्हटलं, तिच्या छातीत जाताना ही धूळ विचारून जाते का, मी चिमणीतली की रस्त्यावरची? ऑफिसात सगळे हसले, साहेब सोडून. मार्चला माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही.

आता साहेबांचं ते वाक्य त्यांच्या एकट्याचं नव्हतं हे मला नंतर कळलं. मुंबईत गिरण्यांच्या चिमण्यांसाठी इंग्रजांनी १९१२ ला कायदा केला, तो धुराचा. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० ला आलं ते पाण्यासाठी, हवेचा कायदा यायला १९८१ उजाडलं, आणि तोही मुख्यतः कारखान्यांच्या परवानग्यांचा. म्हणजे वर्षानुवर्षं सगळ्यांची मान वर, चिमणीकडं. पायाखाली कोण बघतंय? त्याचा फायदाच झाला नाही असं नाही. उद्यमनगर, शिरोलीतल्या बऱ्याच फौंड्र्या कोकच्या क्युपोलावरनं (कोळशाच्या भट्टीवरनं) इंडक्शनवर (विजेच्या भट्टीवर) गेल्या, २००० पर्यंत पेट्रोलमधलं शिसं गेलं, २०२० ला गाड्यांच्या धुराचा बीएस ६ नियम आला तेव्हा इंधनातला सल्फर ५० पीपीएमवरनं (दहा लाखांत ५० भाग) १० वर आला. सल्फर डायऑक्साईडनं हद्द ओलांडलेली तर मी आमच्या केंद्राच्या आकड्यांत एकदाही बघितली नाही. पण पीएम १० चं, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीचं काय? २००९ च्या मानकात वर्षाची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे. सलग पाच वर्षं मानक मोडलं की शहर यादीत. २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला त्यात देशातली १०२ शहरं, त्यातली १७ आपल्या महाराष्ट्रातली, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, आणि त्यात सांगली, सोलापूरसोबत आपण पण. झाडं आहेत, पंचगंगा आहे, रंकाळा आहे, सगळं मान्य, पण रस्त्याच्या कडेला मातीची पट्टी आहे आणि तिच्यावरनं दिवसभर गाड्या जातात त्याचं काय करायचं?

आणि मजा बघा, त्या कार्यक्रमाचे पैसे देशभर गेले कुठं, तर साधारण ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर. रस्ते, खड्डे, झाडायची मशीन, पाण्याचे फवारे. २०२४ ला ही बातमी आली ती मी रिटायर झालेल्या साहेबांना व्हॉट्सअपवर पाठवली. निळी टिक आली. उत्तर नाही.

आता एक कबूल करायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला अर्धवट सांगितल्यासारखं होईल. साहेब सगळेच चूक नव्हते. फुफ्फुसात खोलवर जाते ती पीएम २.५, म्हणजे त्याहूनही बारीक धूळ, आणि तिच्यात धुराचा वाटा मोठा, म्हणजे पाचट, चुली, डिझेल, कचऱ्याला लावलेली आग. पण त्या कार्यक्रमात शहराचे मार्क धरले पीएम १० वर, मग झाडूचं मशीन घेतलं की मार्क सुधारतात आणि धूर तिथंच. त्यात पाचट पेटवू नका म्हणून सांगायला गेलो तर आमच्या घरातच भांडणं. तेच पाचट सरीत कुजवलं तर रानाला खत होतं, पण काडी ओढायला काय लागतंय.

तुम्ही हवेच्या ॲपवरचा रंग बघून काही ठरवू नका. वर्षात १०४ दिवस मोजायचे असतात, त्यातले प्रत्यक्ष किती मोजले आणि किती बाद केले हे माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज. रजिस्टरच्या 'शेरा' रकान्याची झेरॉक्स पण मागा, तो लोक मागत नाहीत. आणि २०१२ च्या डिसेंबरचं पान निघालंच, तर तेवढं मला पाठवा.