बॉस मेला तरी परत उठतो, आणि गेमला मार्क मात्र ८९

नाशिकहून एक वाचक लिहितो: "दादा, आतेभावाने त्याचा जुना निन्टेंडो डीएस मला देऊन टाकला, सोबत 'कॅसलव्हेनिया: डॉन ऑफ सॉरो'. मेटाक्रिटिकवर बघितलं तर ८९. गेम भारीच आहे, पण बॉसची, म्हणजे वाटेतल्या बड्या शत्रूची, लाइफ संपली की स्क्रीनवर एक चिन्ह काढायला लागतं, ते माझं दर वेळी चुकतं आणि मेलेला बॉस परत उभा. तेव्हाच्या लोकांना हे खटकलं नाही का? की मीच ढ आहे?"

ढ नाहीस रे बाबा. खटकलं होतं, रिव्ह्यू लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना खटकलं होतं, फक्त ते ८९ या आकड्यात दिसत नाही, कारण मेटाक्रिटिक ही वेबसाइट सगळ्या रिव्ह्यूंचे मार्क एकत्र करून शंभरपैकी एकच आकडा देते.

जरा मागे जाऊ. डीएस, म्हणजे दोन स्क्रीनचं हातात धरून खेळायचं मशीन, बाजारात आला २००४ च्या शेवटी, आणि हा गेम २००५ चा, जपानला ऑगस्टमध्ये, अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये. मशीन नवं, खाली टचस्क्रीन नवीन, त्यामुळे जो तो आपल्या गेममध्ये टच कुठेतरी घुसवतच होता, गरज असो नसो. हा गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीनेही घुसवला, तेच तुझं बॉसवर काढायचं चिन्ह. त्याचं नाव मॅजिक सील. आता गंमत बघ, हा बाजूबाजूने पळत मारामारी करायचा गेम, डावा अंगठा दिशेच्या बटनावर, उजवा उडी आणि तलवारीवर, दोन्ही हात गुंतलेले. अशात बॉस कोसळतो आणि गेम म्हणतो, काढ स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर टेकवायची ती काडी, आणि वेळेत ही नक्षी काढ. स्टायलस ठेवणार कुठे? दातात? मी नखाने काढायचो. आई रविवारी नखं कापायला लावायची आणि सोमवारी माझं सील हमखास चुकायचं, ही बहाणेबाजी नाही, खरंच.

मग ८९ कसे? कारण तेव्हाचे समीक्षक हातात फूटपट्टी घेऊनच बसले होते आणि त्या पट्टीवर याच मालिकेतल्या दोन खुणा होत्या, १९९७ चा 'सिम्फनी ऑफ द नाइट' आणि २००३ चा, डीएसच्या आधीच्या गेम बॉय ॲडव्हान्स या मशीनवरचा 'आरिया ऑफ सॉरो'. 'डॉन' हा 'आरिया'चा थेट पुढचा भाग, तोच पांढऱ्या केसांचा सोमा क्रूझ, कथा २०३६ सालातली, तोच निर्माता कोजी इगाराशी. शत्रूला मारलं की कधीमधी त्याचा आत्मा मिळतो आणि त्याची शक्ती आपली, ही 'आरिया'तली सगळ्यात व्यसनी गोष्ट इथेही आहेच, वर ते आत्मे देऊन योको या पात्राकडून शस्त्रं आणखी दमदार करून घेता येतात. लोकांना हेच तर पाहिजे होतं. त्यात वरच्या स्क्रीनवर किल्ल्याचा नकाशा कायम उघडा! आधी नकाशा बघायला खेळ थांबवायला लागायचा, आता मान जरा वर केली की झालं, आणि या एका साध्या गोष्टीचं कौतुक रिव्ह्यूंमध्ये भरपूर झालं, मला तर दोन स्क्रीनचा तो सगळ्यात शहाणा वापर वाटतो.

आता नावं कशाला ठेवली तेही सांगतो. एक तुझं सील. दुसरं, चित्रं. आधीच्या भागांमध्ये आयामी कोजिमा यांची ती जुन्या तैलचित्रांसारखी, जरा भुतंखेतं अंगावर येतील अशी चित्रं असायची, इथे एकदम टीव्हीवरच्या ॲनिमेसारखे चेहरे, म्हणे लहान मुलांनी घ्यावा म्हणून. जुने चाहते जाम वैतागले. तिसरी तक्रार अशी की नवीन काय आहे यात, बरेच राक्षस आधीच्या गेममधलेच. पण हे म्हणणारेसुद्धा शेवटी चांगलेच मार्क देऊन मोकळे.

माझं मत विचारशील तर सीलला त्यांनी स्वस्तात सोडलं. हिशोब साधा आहे, दहाएक तासांच्या खेळात सील काढण्यात जाणार मोजून काही मिनिटं, म्हणून अर्धा मार्क कापला आणि पुढे गेले. पण ती मिनिटं येतात कधी, तर बॉसला घाम गाळून लोळवलं त्याच क्षणी! लग्नाच्या पंगतीत सगळं जेवण फर्स्टक्लास आणि शेवटचा जिलबीचा घास कडू, मग घरी जाऊन माणूस काय सांगणार? तक्रार बहुतेक कोनामीपर्यंत पोचली असावी, कारण डीएसवरच्या पुढच्या दोन भागांत, २००६ च्या 'पोर्ट्रेट ऑफ रुइन'मध्ये आणि २००८ च्या 'ऑर्डर ऑफ एक्लेसिया'मध्ये, ही सीलची भानगडच नाही. 'एक्लेसिया'त तर चित्रंही परत गंभीर झाली. तोवर एक कर, बॉसच्या खोलीत शिरायच्या आधीच स्टायलस उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून ठेव, बटनं अंगठ्याने दाबता येतात.

सोलापूरहून एक वाचक: "आमची पिढी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर काँट्रा खेळून मोठी झाली. मुलीच्या डीएसवर काँट्रा ४ दिसला. घ्यावा का? समीक्षक काय म्हणाले होते?"

काका, तुमच्यासाठीच बनवलाय असं समजा. २००७ चा गेम, काँट्रा या धडाधड गोळ्या झाडायच्या गेमला २० वर्षं झाली म्हणून काढलेला, कॅलिफोर्नियातल्या वेफॉरवर्ड कंपनीने बनवला. रिव्ह्यू चांगले आले, आणि जवळपास प्रत्येकात एक शब्द होताच: अवघड. काहींनी तो शिवी म्हणून वापरला, बहुतेकांनी शाबासकी म्हणून. 'डॉन'ने वरच्या स्क्रीनवर नकाशा टांगला आणि निवांत बसला, यांनी मात्र दोन्ही स्क्रीन जोडून एकच उंच मैदान केलं, हुक फेकून खालून वर जायचं. हिंमत आहे. पण दोन स्क्रीनच्या मधे प्लॅस्टिकची पट्टी आहे ना, तिच्यामागे शत्रूची गोळी गायब होते आणि अचानक डोक्यात येते, आणि ही तक्रार तेव्हाही झाली होती. पहिले दोन दिवस शिव्या द्याल, मग अंदाज येतो. मुलीसमोर सोपी लेव्हल निवडायला लाजू नका.

ठाण्याहून एका ताईंचा छोटा प्रश्न: "डीएस नाहीये, तरी 'डॉन ऑफ सॉरो' खेळता येईल का?"

येईल की. ऑगस्ट २०२४ मध्ये कोनामीने 'डॉमिनस कलेक्शन' काढलं, त्यात डीएसवरचे तिन्ही कॅसलव्हेनिया आहेत, स्विच, पीएस ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर चालतं. दोन्ही स्क्रीन एकाच पडद्यावर मांडलेल्या दिसतात. आणि हो, नाशिकवाल्या, हे तूही वाच: त्यात सील बोटाने काढायचं नाही, दाखवलेली बटनं ओळीने दाबायची.