ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन किती ठेवावं? लावलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

तुमच्या तीन तक्रारी आहेत. रेकॉर्डिंगच्या मागे सतत घूंऽऽ असा आवाज येतो, ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड आणि संपादित करायच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (मागचा नकोसा आवाज दाबणारा इफेक्ट) लावलं की बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं, आणि पेनड्राइव्हवर नेलेला प्रोजेक्ट दुसऱ्या लॅपटॉपवर उघडत नाही. मधल्या तक्रारीवरून आमच्या घरात २०१८ पासून वाद चालू आहे, म्हणून आधी तीच घेते.

६ डेसिबल. एकदाच. तेवढ्याने भागत नसेल तर रेकॉर्डिंग चुकलंय, ते पुन्हा करा. पुन्हा करता येत असेल तर तो आळस अजिबात करू नका. मला ते करता आलं नाही.

माझी आजी जुन्नरकडची. शेकड्यांनी ओव्या तिला पाठ. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्या ऐकूनच मला वाटलं की आपल्या आजीच्याही राहायला हव्यात. पडवीतलं जातं धुऊन मांडलं. नुसतं बसून म्हण म्हटलं तर तिला दुसरी ओळ आठवेना. हातात खुंटा आला की एकामागून एक सुटायच्या.

पहाटे पाचला बसलो. फ्रिज बंद केला आणि स्कूटरची किल्ली आतच ठेवली, म्हणजे निघताना परत चालू करायचा राहत नाही. पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर. माइक चौघडी गोधडीवर ठेवला, नाहीतर जात्याची थरथर जमिनीतून थेट माइकमध्ये शिरते. आजी जोरात गायला लागली तरी मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतपत पातळी ठेवली. चाळीस मिनिटं मिळाली. आजी मूठ वैरायची तेव्हा जात्याचा आवाज एकदम जाड व्हायचा, दाणे संपत आले की पातळ, खरखरीत. ओवीची ओळ संपली की एक पूर्ण फेरा नुसत्या जात्याचा, मग पुढची ओळ. ते रेकॉर्डिंग उत्तम झालं होतं, आणि ते मी केलं होतं.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला ते लावायचं ठरलं. माझा मावसभाऊ मंडपांत साउंडची कामं करायचा. तो म्हणाला, “नॉइज फार आहे, दे इकडे, साफ करून देतो.” मी लॅपटॉपच त्याच्या हातात दिला. त्याने सुरुवातीची दहा सेकंदं, म्हणजे आजी गायला लागायच्या आधीचं नुसतं जातं, ‘नॉइज प्रोफाइल’ म्हणून घेतली आणि सगळ्या रेकॉर्डिंगवर इफेक्ट तीनदा फिरवला.

हा इफेक्ट काय करतो ते नीट समजून घ्या. दिलेल्या नमुन्यात कोणत्या पट्टीत (म्हणजे खालच्या ते वरच्या कोणत्या सुरांत) किती आवाज आहे ते तो मोजतो आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या त्या पट्टीत त्या मापाच्या आसपास किंवा त्याहून कमी जे काही सापडेल ते दाबतो. पंख्यासारखा एकसारखा आवाज असेल तर हे चालतं. जातं एकसारखं नसतं, आणि त्याची घरघर बाईच्या आवाजाच्या पट्ट्यांमध्येही पसरलेली असते. जात्याबरोबर आजीचे श्वास गेले, ‘स’ गेले, ओळीचे शेवट गेले. उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा. तुमचा डबा तो हाच.

कार्यक्रमात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, “आगं, जातं कुठं गेलं?”

घरी येऊन मूळ प्रोजेक्ट उघडायला गेले, तर उघडेना. इथे तुमचा तिसरा प्रश्न येतो. तेव्हाच्या ऑडॅसिटीत ‘.एयूपी’ फाइलमध्ये आवाज नसायचाच. आवाज शेजारच्या ‘_डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये, तुकड्यातुकड्यांत असायचा. आमच्या चाळीस मिनिटांच्या चारेकशे बारीक फाइली होत्या. भावाला तो कचरा वाटला. त्याने लॅपटॉपवरून तो फोल्डर उडवला. उरली ती त्याने केलेली एमपी३. पुढच्या वर्षी आजी गेली.

मार्च २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच ‘.एयूपी३’ फाइलमध्ये असतं. तुमची फाइल जुनी असेल तर फोल्डरही सोबत न्या, नाव न बदलता. नवी असेल तर दुसऱ्या लॅपटॉपवरची ऑडॅसिटी जुनी आहे, ती अपडेट करा. आणि काहीही असो, रेकॉर्डिंग थांबवल्या थांबवल्या आधी एक डब्ल्यूएव्ही (आवाज न गाळता ठेवणारी फाइल) एक्सपोर्ट करून दुसऱ्या जागी ठेवा. प्रोजेक्ट फाइल म्हणजे कॉपी नव्हे. एमपी३ तर नव्हेच, तिच्यात गाळलेला आवाज परत येत नाही.

घूंऽऽ चं सांगायचं तर चार्जर काढून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ही घरघर ५०, १००, १५० वर बसते. बॅटरीवर थांबली तर कारण सापडलं, चार्जर लांब ठेवून रेकॉर्ड करा. नाही थांबली तर माइकची वायर आणि यूएसबी हब बघा. फिल्टर सगळ्यात शेवटी.

भाऊ अजून म्हणतो, शब्द तर स्पष्ट ऐकू येतात ना. दोन ओळींच्या मध्ये जातं फिरतं तेव्हा आजी पुढची ओळ जुळवत असते. तिथे आता मुकी पोकळी आहे. काय नॉइज आणि काय नाही, हे गाणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवायचा त्याला काही अधिकार नव्हता.

तुम्ही ऑनलाइन क्लासचे व्हिडिओ करत असाल तर इतकं मनावर घेऊ नका, पंखा म्हणजे जातं नव्हे, थोडं जास्त दाबलं तरी चालेल. विंडोज असेल तर माइकच्या सेटिंगमधली ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ आधी बंद करा. बऱ्याचदा तीच आवाज चेपते आणि दोष ऑडॅसिटीला जातो. आणि नॉइज रिडक्शनच्या खिडकीत ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय आहे. तो निवडून प्रीव्ह्यू दाबलं की काय काय कापलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात तुमचं बोलणं ऐकू आलं तर तिथेच थांबा.

दादा, तू इथली उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. त्या वर्षी तो लॅपटॉप तूच घेतलास. त्याची हार्ड डिस्क अजून तुझ्याकडे असेल तर फॉरमॅट करू नकोस, वापरूही नकोस. उडवलेल्या फाइली कधी कधी परत काढता येतात. एकेका फाइलीत सहा सेकंदं होती. दोन-तीन सापडल्या तरी पुरे, मी येऊन घेऊन जाईन.