वनमालेच्या वेषातली भामिनी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

खाडिलकरांच्या ‘मानापमान’ या संगीत नाटकात तुला नायिकेचं, भामिनीचं काम मिळालं म्हणून आनंद झाला, आणि लगेच तुझी तक्रारही वाचली. ‘बाई, यात प्रेम कुठंय? ही वेष बदलते काय, तो ओळखत नाही काय, आणि दोघं जरा जवळ आले की ऑर्गन सुरू!’ हसले मी. पण तालमी सुरू व्हायच्या आत उत्तर द्यायला हवं, नाहीतर तू नाटकातली पदं नुसती छान गाशील आणि भामिनी विंगेतच राहील.

आधी आपल्या जुन्या नाटकांतलं प्रेम घडतं कुठं, ते बघ. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ चं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, आणि बलरामदादानं तिला दुर्योधनाला द्यायचं ठरवलेलं. हे दुखणं समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या घराघरांत होतं. मुलीला विचारतो कोण? पण पुण्याच्या वाड्यातली खरी मुलगी घेऊन ते दाखवता आलं नसतं, कारण मन बसण्याच्या वयाआधीच तिचं लग्न उरकलेलं असे. मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ मध्ये झाला, तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं ते तू वाचलं असशीलच. त्या काळात ‘माझं याच्यावर प्रेम आहे’ असं म्हणणारी मुलगी रंगमंचावर आणायची, तर तिला द्वारकेतच नेऊन ठेवायला हवं होतं. पुराणातली राजकन्या म्हटली की कुणाची हरकत नाही.

देवलांनी ‘संशयकल्लोळा’त दुसरी वाट काढली. रेवती नायकिणीच्या घरातली. म्हणून ती अश्विनशेठशी मोकळेपणानं बोलू शकते, त्याची तसबीर जवळ बाळगू शकते आणि त्या तसबिरीवरून पुढचा सगळा गोंधळ होऊ शकतो. त्याच नाटकातली कुलीन घरातली बायको कृत्तिका मात्र नवऱ्यावर संशय घेण्यापुरतीच मोकळी! विनोदी नाटक आहे, खळखळून हसावं. पण मोकळीक कुणाला आणि पहारा कुणावर, हे देवलांनी किती सहज मांडून ठेवलंय, तेही बघावं.

आणि त्याच देवलांची ‘शारदा’, १८९९ ची. हे नाटक खरोखरच त्या काळच्या घरात घडतं: पैशासाठी पोरगी विकायला निघालेला कांचनभट, बोहल्यावर चढायला उतावीळ झालेला म्हातारा भुजंगनाथ. त्यात प्रेमप्रवेश शोधून दाखव. कोदंड आहे, जीव द्यायला निघालेल्या शारदेला तो वाचवतो. पण तो येतो तारणारा म्हणून. ती दोघं एकमेकांच्या प्रेमात पडायला तिथं जागाच नाही. माझ्या मते देवलांचा खरेपणा इथं आहे. द्वारकेत प्रेम, नायकिणीकडं प्रेम, आणि भटजीच्या घरात फक्त व्यवहार. (कुणी सांगेल की बालविवाहाचा १९२९ चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून आला. विश्वास ठेवू नकोस. ते नाव हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून पडलं.)

आता तुझी भामिनी. इंग्रज राजवटीवर रूपकातून टीका करणारं खाडिलकरांचं ‘कीचकवध’ सरकारनं १९१० मध्ये बंद पाडलं आणि १९११ मध्ये ‘मानापमान’ आलं. बाहेरून प्रेमाचं नाटक, पण लिहिणारा माणूस तोच, मानाचा प्रश्न न सोडणारा. श्रीमंताची मुलगी भामिनी धैर्यधर या सेनापतीला गरीब म्हणून झिडकारते. तो दुखावतो आणि तिचं नावही त्याला नकोसं होतं. मग हीच मुलगी साध्या वेषात, वनमाला होऊन त्याच्या छावणीत वावरते, आणि भामिनीला दूर ठेवणारा धैर्यधर वनमालेवर भाळतो.

‘तो ओळखत कसा नाही?’ हा प्रश्न तू त्याला विचारतेस. तो भामिनीला विचार. दागिने उतरल्यावर ही स्वतःला तरी ओळखते का? आजवर कुणाशीही बोलताना हिच्या पाठीशी बापाची संपत्ती उभी असायची. आता ती नाही. सेनापती हिच्याशी नीट बोलला तर ते केवळ हिच्याचसाठी, आणि हे सुख हिला पहिल्यांदाच मिळतंय. त्यात बोचणीही आहे, कारण तो जिचा तिटकारा करतो ती हीच. म्हणून छावणीत आल्याआल्या प्रेमात पडल्यासारखी वागू नकोस. आधी संकोच, मग कुतूहल, मग पकडलं जाण्याची धास्ती. प्रेम त्यातून आपोआप दिसेल. ते वेगळं ‘दाखवायला’ गेलीस की नाटक गेलंच.

स्पर्श नाही म्हणून तू कुरकुरतेस. पण ही भूमिका पहिल्यांदा केली बालगंधर्वांनी, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. समोर धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. दोन पुरुष, आणि त्यातून स्त्री-पुरुषाची ओढ उभी करायची! मिठी मारून ते साधलं नसतंच. मग उरलं काय? मान वळवणं, पदर सावरणं, उत्तर द्यायला जरासा उशीर करणं आणि गाणं. घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, गजरे माळू लागल्या, ते या बारकाव्यांमुळं. तू मुलगी आहेस म्हणून हे काम तुझ्यासाठी सोपं झालंय, असं समजू नकोस. त्यांना प्रत्येक हालचाल विचारपूर्वक निवडावी लागली. तू निवडणार नाहीस, हीच मला भीती आहे.

गाण्याचं म्हणशील, तर गोविंदराव टेंब्यांनी या नाटकाच्या चालींत पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी आणली. म्हणजे ज्या गाण्यात बाई रुसते, आळवते, लटकं भांडते, ते गाणं. बोलायला बंदी असलेलं सगळं तिथं गाता येतं. म्हणून ‘नाही मी बोलत’ म्हणताना आवाजात राग नको. न बोलण्याची धमकी देत ती एवढं सारं गातेय, म्हणजे तिला गप्प बसवत नाहीये हे उघड आहे. धैर्यधराला ते कळलंय, आणि त्याला कळलंय हे तिलाही कळलंय. एवढं सांभाळ. तान एक कमी घेतलीस तरी चालेल. पद संपल्यावर तंबोरा खाली ठेवल्यासारखा चेहरा मात्र करू नकोस. पुढचं वाक्य त्या पदातूनच निघतं.

हे रुसणं नीट शिकायचं असेल तर ‘सौभद्रा’तले कृष्ण-रुक्मिणी बघ. लोक सुभद्रा-अर्जुनाकडं बघतात, मला हे जोडपं जास्त आवडतं. लग्न झालेलं, मुरलेलं. ती चिडलेली, आणि तो साक्षात भगवंत असून ‘नच सुंदरि करु कोपा’ म्हणत मनधरणी करतोय. घरात चारचौघांसमोर बायकोशी बोलायचीही चोरी, त्या काळातला गृहस्थ हा प्रवेश काय डोळ्यांनी बघत असेल! आपल्या संगीत नाटकात प्रौढ माणसांचं प्रेम इतकं हलक्या हातानं क्वचितच आलंय.

‘एकच प्याला’तल्या सिंधूचंही विचारलंयस. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक त्यानंतर रंगमंचावर आलं. तिच्या ‘कशि या त्यजू पदाला’वर आजही डोळे पुसतात लोक. मला विचारशील तर तिथं प्रेमापेक्षा व्रत जास्त आहे, आणि त्या व्रताचा हिशेब तिच्या दारुड्या नवऱ्याकडं, सुधाकराकडं, कुणी मागत नाही. तरी सिंधू करायची वेळ आली तर तिला मनातून हसू नकोस, तिची वकिलीही करू नकोस. त्याच नाटकात सुधाकराचा दारूतला सोबती तळीराम, त्याची बायको गीता आहे, तिची जीभ ऐक. म्हणजे गडकऱ्यांना दुसरी बाजू दिसत नव्हती असं वाटणार नाही.

पुढच्या तालमीला मी येतेय. येताना पूर्ण संहिता आण, दिग्दर्शकानं काय काय कापलंय ते बघायचंय. लक्ष्मीधराचे प्रवेश निम्मे केलेत असं ऐकलं. ते परत घ्यायला सांग त्याला. पहिल्या प्रयोगात हे काम गणपतराव बोडसांनी केलं होतं, ते काही उगाच नाही. तो भित्रा श्रीमंत नीट दिसला नाही, तर भामिनी कुणाला सोडून कुणाकडं आली हे प्रेक्षकाला कळायचं कसं?

तुझ्या
बाई