काकडीची सँडविच आणि उरलेलं एक मफिन

प्रश्न : लेस्टरमधल्या आमच्या हौशी इंग्रजी नाट्यसंस्थेने ऑस्कर वाइल्डचं ‘द इंपॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ घेतलं आहे. प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणारं सामान, माझ्याकडे आहे. पहिल्या अंकात अ‍ॅल्जर्नन काकडीची सँडविच संपवतो, दुसऱ्यात तो आणि जॅक मफिनवरून भांडतात. तालमीत दोघेही घास तोंडात घेऊन अडकतात. खाण्याचा नुसता अभिनय केला तर चालेल का?

नाही चालणार. 1895 मध्ये लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात पहिल्यांदा झालेलं हे नाटक खाण्यावरच उभं आहे. लेडी ब्रॅकनेलसाठी केलेली सँडविच तिचा भाचा अ‍ॅल्जर्ननच फस्त करतो, आणि रिकामी थाळी पाहून नोकर लेन निर्विकार चेहऱ्याने सांगतो की बाजारात काकडीच नव्हती. थाळी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत रिकामी झाली नसेल तर लेनचं वाक्य वाया जातं.

बारीक कापलेला पांढरा ब्रेड घ्या आणि कडा काढून टाका. दोन स्लाइसमध्ये बोटभर रुंदीचे तीन तुकडे होतात, म्हणजे आठ स्लाइसमध्ये बारा. दहा थाळीत, दोन विंगेत राखीव. काकडी सोलून, बिया काढून कागदासारखी पातळ चिरा. चिमूटभर मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा, पाणी सुटलं की कापडाने टिपा. लोणी दोन्ही स्लाइसना लावा, नाहीतर ब्रेड ओला होऊन उचलताना तुटतो. पडदा उघडेपर्यंत वर ओलं फडकं हवं, कारण दिव्यांच्या उष्णतेने ब्रेड वाळतो आणि वाळलेला ब्रेड टाळूला चिकटतो. नट अडकतात ते बहुतेक याच कारणाने. चीज तर अजिबात नको, तोंडात लगदा होतो.

घास कधी घ्यायचा हे नटावर सोडू नका, संहितेच्या समासात आकडे घालून ठरवा. समोरचा बोलायला लागला की घास, त्याचं वाक्य संपायच्या आत गिळलेला. स्वतःचं लांब वाक्य पुढे असेल तर नुसता कोपरा तोडायचा. अ‍ॅल्जर्नन सुरुवातीलाच दोन उचलून सोफ्यावर बसतो, तेव्हा आठ उरतात. जॅकने हात पुढे केला की त्याला अडवून ब्रेड-बटरकडे वळवायचं. ते जॅकला जिच्याशी लग्न करायचंय त्या ग्वेंडोलिनसाठी असतं आणि जॅक ते ज्या मालकी हक्काने खातो त्यावर पुढचा विनोद आहे. म्हणून ब्रेड-बटरची थाळी वेगळी, आणि तिसऱ्या रांगेतूनही वेगळी दिसेल अशी हवी.

मफिनची चूक फार ठिकाणी होते. सुपरमार्केटमधून कागदी वाटीतले, वर फुगलेले, केकसारखे मफिन आणले जातात. वाइल्डचा मफिन म्हणजे यीस्टचा चपटा, गोल, भाजून लोणी लावलेला पाव. घाईघाईने खाल्लं तर लोणी शर्टाच्या कफांना लागेल, असं अ‍ॅल्जर्नन म्हणतो. केकला लोणी लावत नाहीत, त्यामुळे चुकीच्या मफिनने वाक्याचा अर्थच जातो. अ‍ॅल्जर्नन जॅकपुढे सरकवतो तो टीकेकही मनुका घातलेला, चपटा बनपावच. दोन्हींचे आधीच चार तुकडे करून पुन्हा जुळवून ठेवा.

आणि मोजा. अंकाच्या शेवटी जॅक म्हणतो की दोनच मफिन उरलेत, आणि रंगसूचनेप्रमाणे ते दोन्ही उचलतो. थोड्याच ओळींनी अ‍ॅल्जर्नन म्हणतो, अजून एक मफिन शिल्लक आहे. मग ते आलं कुठून? जॅकने तावातावाने बोलताना एक पुन्हा बशीत ठेवलं, किंवा अ‍ॅल्जर्ननने ते त्याच्या हातातून काढून घेतलं, यातलं एक ठरवून बसवा. ठरवलं नाही तर पडदा पडताना बशी रिकामी असते आणि शेवटच्या वाक्याला कोणी हसत नाही.

दोन्ही नटांना ग्लुटेन किंवा दुधाची अ‍ॅलर्जी आहे का, हे पहिल्या तालमीलाच विचारा. खरं खाणं रंगीत तालमीपर्यंत लांबवू नका. निदान शेवटचे तीन आठवडे रोज हवं.

प्रश्न : त्याच नाटकातल्या हँडबॅगसाठी जुन्या बाजारात मिळालेली छान काळी पर्स चालेल का? आणि आमच्या गावच्या हॉलला वरचा मजला नाही. तिसऱ्या अंकात वरून ट्रंका आपटल्याचा आवाज कसा काढायचा?

पर्स नको. या बॅगेत तान्हा जॅक मावलेला आहे! काळ्या चामड्याची, दोन मुठींची, निदान पंचेचाळीस सेंटीमीटर लांब प्रवासी बॅग शोधा. बॅगेची मूळ मालकीण, गव्हर्नेस मिस प्रिझम, ती ओळखते तीन खुणांवरून : ओम्निबस (त्या काळची घोड्यांची बस) उलटली तेव्हा पडलेला ओरखडा, अस्तरावरचा पेयाचा डाग आणि कुलपावरची तिची आद्याक्षरं. तिचं नाव लेटिशिया, म्हणून एल. पी. प्रेक्षकांना हे दिसणार नाही, पण नटीला बोट ठेवायला जागा हवी. खुणा एका ओळीत नकोत. बॅग फिरवून शोधावी लागली की वाक्यांना आपोआप लय येते. बॅग अठ्ठावीस वर्षं जुनी दिसायला हवी, तेव्हा कोपरे सँडपेपरने घासा.

आवाज रेकॉर्ड केलेला नको. पाळकबुवा चेझुबल वर बघत “थांबला आता” म्हणतात आणि त्याच क्षणी आवाज दुप्पट होतो. ही वेळ माणसालाच साधते. विंगेत लाकडी प्लॅटफॉर्मवर रिकामी ट्रंक आणि दोन जाड पुस्तकं एवढं पुरे. आपटणाऱ्याला चेझुबलचं वाक्य स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, म्हणून तो हॉलच्या मागे नको. आवाज बाजूने येतोय हे प्रेक्षकांना जाणवत नाही, कारण रंगमंचावरचे सगळे वर बघत असतात. एकाने जरी विंगेकडे पाहिलं तरी फसलं.

प्रश्न : आम्ही पुण्यातला हौशी गट. शॉचं ‘पिग्मॅलियन’ किंवा प्रीस्टलीचं ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ इंग्रजीतच करायचं आहे. प्रवेश विनामूल्य. परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, ब्रिटनमध्ये 70. शॉ 1950 मध्ये गेले, त्यामुळे ‘पिग्मॅलियन’ भारतात 2011 पासून आणि ब्रिटनमध्ये 2021 पासून मोकळं आहे. प्रीस्टली 1984 मध्ये गेले. त्यांचे हक्क भारतात 2044 अखेरपर्यंत, ब्रिटनमध्ये 2054 अखेरपर्यंत.

मात्र भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये एक सूट आहे : हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग उल्लंघन ठरत नाही. प्रवेशिका विकली की सूट गेली. भाषांतर किंवा रूपांतर करणं आणि संहितेच्या झेरॉक्स वाटणं या वेगळ्या गोष्टी, त्या या सुटीत धरू नका. ब्रिटनमध्ये अशी सूट नाही. तिकीट असो वा नसो, परवाना आधी, तारीख नंतर. परवान्याच्या नाटकात न विचारता ओळी गाळणं किंवा इन्स्पेक्टरची बाई करणंही चालत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

‘पिग्मॅलियन’ घेतलंत तर तालमीत कोणीतरी स्पेनमधल्या पावसाची ओळ घुसडेल. ती शॉच्या मूळ नाटकात नाही, 1938 च्या चित्रपटातून आणि पुढे संगीतिकेतून लोकांच्या तोंडी बसली. ‘ती फुलराणी’तलं काही उचलायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, पु. लं.चे हक्क 2060 अखेरपर्यंत आहेत.

प्रश्न : आमच्या नटांनी ब्रिटिश उच्चार आणावेत का?

आणलेला उच्चार दुसऱ्या अंकापर्यंत गळून पडतो आणि मग एकाच घरातली माणसं चार गावची वाटतात. त्यापेक्षा वाक्याचा शेवट सांभाळा. वाइल्डचा टोला बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांत असतो आणि मराठी नट नेमका तिथेच आवाज खाली आणतो. शेवटच्या शब्दापर्यंत श्वास पुरला पाहिजे. मध्ये थांबायचं असेल तर स्वल्पविरामावर. हशा वर चढत असताना बोलू नका, उतरायला लागला की पुढचं वाक्य. तो पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर प्रयोग वीस मिनिटांनी लांबतो.

लेडी ब्रॅकनेलच्या “हँडबॅग?” या एका शब्दाची गोष्ट वेगळी. 1952 च्या चित्रपटात ईडिथ इव्हान्सने तो असा ताणला की प्रेक्षक अजून त्याचीच वाट बघत बसतात. नक्कल हमखास पडते. अगदी हळू, जवळजवळ श्वासात म्हणून बघा, किंवा शब्दाआधी नुसती जॅककडे बघत राहा आणि हशा आधीच येऊ द्या. ही भूमिका पुरुषानेही करता येते, 2015 मध्ये लंडनमध्ये डेव्हिड सुशेने केली होती. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांना त्याचं नवल वाटायचं कारण नाही. फक्त पुरुष नटाला कॉर्सेट आणि घोळदार झगा पहिल्या आठवड्यापासून घालायला द्या, कारण त्यात खुर्चीच्या कडेवर ताठ बसावं लागतं आणि तिथूनच बाईंचा आवाज सापडतो.