पिशवीने अडवलेली खुर्ची

प्रिय ताई,

मी लालबागला राहते आणि राज्यसेवेची तयारी करते. घर म्हणजे चाळीतली एक खोली आणि माणसे पाच, त्यामुळे सकाळी सात वाजताच जवळच्या मंडळाच्या अभ्यासिकेत जाऊन बसते. माझी मैत्रीण दिव्याहून येते. तिला पोहोचायला साडेनऊ होतात आणि तोवर सगळी टेबले भरलेली असतात, म्हणून मी शेजारच्या खुर्चीवर माझी कापडी पिशवी ठेवून तिची जागा धरते. गेल्या आठवड्यात सीए इंटरचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने काही न विचारता ती पिशवी उचलून जमिनीवर ठेवली आणि तो तिथे बसला. पिशवी कलंडली, डब्यातली आमटी सांडली आणि मैत्रिणीकडून वाचायला आणलेल्या नोट्स भिजल्या. सर्वांसमोर आमची बाचाबाची झाली. आता तो रोज समोर बसून मुद्दाम कॅल्क्युलेटर बडवतो, टेबलावरची बाकीची दोघेही माझ्याशी बोलत नाहीत आणि मैत्रीण म्हणते, की मी त्याची लेखी तक्रार करावी. चूक कोणाची? तक्रार करू का?

— एक वाचक, लालबाग

प्रिय वाचक,

तक्रार करू नका. त्या मुलाची चूक झाली आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या गोष्टीची तक्रार करायला तुमची मैत्रीण सांगते आहे, ती त्याची चूक नव्हे. दुसऱ्याच्या सामानाला न विचारता हात लावणे आणि खायचा डबा असलेली पिशवी खाली ठेवणे हा उद्धटपणा झाला. तुम्ही शेजारीच बसला होतात, तेव्हा ‘ही पिशवी कोणाची आहे?’ एवढे विचारायला त्याला काहीच अडचण नव्हती. मात्र रिकाम्या खुर्चीवर बसणे यात गैर काहीही नाही. त्याने रीतसर विचारले असते, तर तुम्ही काय उत्तर दिले असते, याचा जरा विचार करा. ‘माझी मैत्रीण यायची आहे.’ कधी? ‘साडेनऊला.’ हे उत्तर ऐकून, आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची रिकामी असताना, तो निमूटपणे दोन तास जिन्यात पुस्तक घेऊन बसला असता, तर तुम्हाला तरी ते योग्य वाटले असते का?

अभ्यासिकेत माणसे हौसेने येत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या परिसरातल्या बीडीडी चाळींची एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक, टीव्ही, आजारी आजी आणि लहान भावंडे यांच्यामधून पाठ्यपुस्तकासाठी कोपरा काढायचा, म्हणजे रात्री सगळे झोपण्याची वाट पाहणे आले. त्या मुलाचे घर याहून मोठे असेल असे मानायला काही आधार नाही. त्यात सीएच्या मुलांचे वेळापत्रक अलीकडे अधिकच दाटीचे झाले आहे. पूर्वी त्यांच्या परीक्षा मे आणि नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होत, त्यामुळे मधल्या महिन्यांत अभ्यासिकांना थोडी उसंत मिळे. २०२४ पासून इंटरची परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होऊ लागली आणि गर्दीचा हंगाम ओसरण्याआधीच पुढचा सुरू होऊ लागला. तुमच्या टेबलावरचा तणाव वाढण्यात या वेळापत्रकाचाही थोडा हात असावा, असे मला वाटते.

आता जागा धरण्याविषयी. मुंबईच्या बायकांना हा विषय शिकवावा लागत नाही, कारण लोकलच्या लेडीज डब्यात त्याचे नियम कोणी लिहून न ठेवताही काटेकोरपणे पाळले जातात. ‘कुठे उतरणार?’ असे विचारून उभी असलेली बाई बसलेल्या बाईची सीट बोलून ठेवते आणि तिच्यामागून आलेली दुसरी तो हक्क सहसा मोडत नाही. तिघींच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणताच चौथीला टेकायला जागा होते. मात्र ही सगळी व्यवस्था डब्यात हजर असलेल्यांसाठी आहे. पुढच्या स्टेशनावर चढणाऱ्या मैत्रिणीसाठी कोणी पर्स ठेवून जागा अडवली, की त्याच डब्यात केवढे रणकंदन माजते, हे तुम्ही नक्कीच पाहिले असेल. तुमची मैत्रीण दिव्याला गाडीची वाट पाहत उभी असताना लालबागमधल्या खुर्चीवर तिचा हक्क सांगणे हे त्याच जातीचे आहे.

तुमचे पत्र मी पुन्हा वाचले, तेव्हा मला असे जाणवले, की तुम्हाला त्या मुलाची फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती मैत्रिणीच्या नाराजीची. जागा धरण्याची कल्पना तिची की तुमची, हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु तक्रार मात्र तिला हवी आहे आणि ती तुमच्या नावाने व्हायला हवी आहे. भांडण तुम्ही केले, अबोला तुमच्या वाट्याला आला आणि साडेनऊला येऊन बसायला खुर्ची तिला मिळत होती. यात ती लबाड आहे असे मी म्हणत नाही. डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत दिव्याला पाय ठेवायला मिळणे हेच एक दिव्य असते आणि रोज त्यातून येऊन अभ्यास करणाऱ्या मुलीच्या चिकाटीचे कौतुकच केले पाहिजे. पण तिच्या प्रवासाचा भार तुम्ही उचलायचा म्हटले, तरी तो तुमच्या स्वतःच्या वस्तूंतून उचला. तुमच्या नोट्स तिला द्या, तुमची खुर्ची आठवड्यातून एखाद्या दिवशी तिला द्या आणि त्या दिवशी तुम्ही घरी किंवा बागेत वाचा. तिसऱ्याची खुर्ची ही तुमची देणगी होऊ शकत नाही.

तिला हे सरळ सांगा. ‘मी यापुढे सात वाजल्यापासून जागा धरणार नाही. तू कुर्ला सोडलेस की मला मेसेज कर, तोवर शेजारी कोणी बसलेले नसेल, तर तेवढा वेळ मी जागा सांभाळीन,’ एवढे पुरे. कुर्ल्याहून स्लो गाडीने करी रोडला उतरून चालत यायला जो अर्धा तास लागतो, तेवढा वेळ कोणीही समंजस माणूस मान्य करतो, आणि नाही केला तर वाद न घालता पिशवी उचलावी. ती रुसेल. रुसू द्या, दोन-चार दिवस तिला उशिरा आलेल्या इतरांप्रमाणे जागेसाठी थांबावे लागले, तर कदाचित ती एक गाडी आधीची पकडू लागेल. भिजलेल्या पानांच्या झेरॉक्सचे पैसे मात्र तुम्ही द्या. नोट्स तुमच्या ताब्यात होत्या आणि वाटीभर आमटी असलेल्या डब्याशेजारी त्या कोणी ठेवल्या होत्या, या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाच्या विरोधात जात नाही.

त्याच्याशी बोलण्याची सुरुवात तुम्हीच करा, कारण तो करील असे दिसत नाही. टेबलावर बोलू नका. चहाच्या टपरीवर किंवा पाणी प्यायला तो बाहेर पडेल तेव्हा बोला, म्हणजे कोणाला प्रेक्षक मिळणार नाहीत. ‘मी इतका वेळ जागा अडवायला नको होती. पण तुम्ही पिशवी उचलण्याआधी मला विचारायला हवे होते,’ ही दोन वाक्ये याच क्रमाने म्हणा. क्रम उलटला, तर दुसरे वाक्य त्याच्या कानापर्यंत पोहोचणार नाही. तो मुद्दाम कॅल्क्युलेटर बडवतो हा तुमचा ग्रह मला तितकासा पटत नाही. सीएची मुले त्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर बोटांना डोळे असल्यासारखी सुटतात, आणि सनमायकाच्या पोकळ टेबलावर तो आवाज दुप्पट होऊन समोरच्यापर्यंत जातो. राग आलेल्या माणसाला त्यात हेतू ऐकू येतो. खाली रुमालाची घडी ठेवली, तर आवाज निम्म्याहून कमी होतो. हे त्याला सांगताना आपल्याही सवयी तपासून पाहा. राज्यसेवेची मुले वर्तमानपत्र पूर्ण उघडून वाचतात, त्याचा एक कोपरा शेजाऱ्याच्या वहीवर आणि दुसरा त्याच्या चहाच्या कपाजवळ असतो. शिवाय कलमे पाठ करताना ओठ हलतात आणि ओठांबरोबर हळूच आवाजही निघतो, याचा पत्ता फक्त पाठ करणाऱ्यालाच नसतो.

बाकीच्या दोघांच्या अबोल्याचा अर्थ त्यांनी त्या मुलाची बाजू घेतली असा नसावा. रोज सकाळी दोन-अडीच तास ती पिशवी त्यांच्याही समोर बसलेली होती आणि त्यांच्या ओळखीचे कोणीतरी जागेअभावी परत गेले असणे अगदी शक्य आहे. त्यांच्याकडे वेगळी माफी मागण्याची गरज नाही, खुर्ची रिकामी दिसू लागली की ती दोघे आपोआप बोलू लागतील.

व्यवस्थापकांकडे जरूर जा, पण कोणाचे नाव घेऊन जाऊ नका. जागा सोडून गेलेल्याचे सामान किती वेळ राहू द्यायचे, याचा एक नियम फलकावर लावा, अशी विनंती करा. जेवणासाठी पाऊण तास, एरवी वीस मिनिटे, असे काहीही चालेल. उठताना वहीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवायची आणि ती वेळ उलटली, तर व्यवस्थापकांनी स्वतः सामान कपाटात नेऊन ठेवायचे. सामान हलवण्याचे काम विद्यार्थ्यांकडे राहिले नाही, की निम्मी भांडणे होतच नाहीत. व्यवस्थापकांनी हात वर केले, तर मंडळाच्या चिटणीसांना भेटा, आणि तेही लवकर, कारण लालबागमध्ये एकदा गणपतीची वर्गणी आणि मंडपाची धावपळ सुरू झाली, की खुर्च्यांच्या नियमासाठी कोणताही कार्यकर्ता तुमच्या हाती लागणार नाही.

— तुमची ताई